मधल्या दिवसांतला टाका

एसटीतून उतरले आणि पाय आपोआप स्टेशनाकडे वळले. जायचं होतं खरं तर तलावाच्या पाळीवरच्या ढिवरपुऱ्यात, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, पण इतक्या वर्षांनी सिंदेवाहीत आलेल्या माणसाच्या पायांना कोण विचारतं? आमच्या वेळची छोटी गाडी कधीच बंद झाली. तिचे अरुंद रूळ उखडून रुंद रूळ टाकलेत, फलाट उंच केलाय, आणि पाण्याच्या टाकीजवळचं मोहाचं झाड कुठे गेलं ते कुणाला सांगता येईना. चहावाल्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "इथी मोह होता? मले तं मालूम नाई, आजी." मला उगीचच राग आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष! मोह गेला तेव्हा त्याचा बापही चड्डीत असेल.

मग वारा फिरला आणि रुळांपलीकडच्या बांध्यांवरून, म्हणजे इथल्या धानाच्या शेतांवरून, वास आला. पिकत आलेल्या धानाचा, थोडा दुधाचा, थोडा चिखलाचा. कुठे लवकर येणारा हलका धान कापून झाला असावा, कारण त्यात ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचाही वास होता. डोळे मिटले. या वासात मला नेहमी आणखी एक वास मिसळलेला येतो, महाळुंगाच्या सालीचा. इथल्या कुणाला तो येणार नाही. तो आमच्या घरचा.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. बाबा जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते, म्हणून या झाडीत आलो. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. आमच्या जातीचं दुसरं घर थेट नागपूरला. गावाला आम्ही कोण ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. आई कपडे शिवायची, म्हणून आधी ती 'शिवणवाली बाई' होती. पहिला आश्विन उजाडला आणि ती 'मांडववाली बाई' झाली.

आश्विनातल्या पुनवेला आमचा मांडवाचा सण लागतो. कधी एक पुनव अलीकडे, पण बहुतेक कोजागिरीलाच. आमचे पूर्वज मिसर देशातून सुटून रानात झोपड्या घालून राहिले, त्याची ही आठवण. सणभर अंगणातल्या मांडवात जेवायचं. कोकणात नारळाच्या झावळ्या असायच्या, इथे नारळ कुठला? बाबांनी बांबू उभे केले आणि वर जांभळीच्या डहाळ्या घातल्या. महाळुंग मात्र काका कोकणातून पार्सलने पाठवी. पेटी उघडली की तो वास घरभर फिरे. आई ते फळ कापसात ठेवी आणि आम्हाला हुंगायला देताना हात मागे बांधायला लावी.

अंगणात मांडव पडला की गावाने काय समजायचं? दारावरून जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारी, "कोनाचं लगन हाये जी?" चातुर्मासात लग्न कुठून असणार! दहा जणींना समजावून थकलेली आई अकरावीला वैतागून म्हणाली, "देवाचं आहे!" झालं. यांच्यात दर साली देवाचं लग्न लागतं, आपल्या तुळशीसारखंच, असं गावभर पसरलं. दुसऱ्या वर्षी दोघीतिघी खणाचा आहेर घेऊन आल्या. आईने तो घेतला. आहेर परत करणं हा अपमान असतो, हे तिला कोकणातही ठाऊक होतं.

आणि त्या मांडवाचं छप्पर! आमचा नियम असा, की वर पाला हवा, पण त्यातून चांदण्या दिसायला हव्यात. शेजारच्या ढिवरपुऱ्यातले नामदेवभाऊ ढिवर हे पाहून कळवळत. तलावात मासे धरणारा तो कमी बोलणारा माणूस, पण त्याला वाटे, कारकूनबाबूला मांडव घालता येत नाही. एका वर्षी बाबा डेपोत गेलेले पाहून त्याने आपल्या घरचं तणस आणलं आणि आमचा मांडव असा शाकारला, की घागरभर पाणी ओतलं तरी थेंब खाली येऊ नये. संध्याकाळी बाबा शिडीवर चढून, नामदेवभाऊला दिसणार नाही अशा बेताने, काडी काडी काढत बसले. खालून आई हसून हसून बेजार. बाबा दबक्या आवाजात म्हणत होते, "हसू नकोस, त्याला वाईट वाटेल." आमच्या मांडवाच्या चांदण्या म्हटल्या की मला अजून त्या तणसाच्या भोकातून दिसलेल्याच आठवतात.

या सणाचे आरंभीचे दिवस कडक, शेवटचेही कडक. तेव्हा कामाला हात लावायचा नाही. पण त्यांच्यामध्ये काही दिवस असतात, ना पुरते सणाचे ना पुरते कामाचे. आम्ही त्यांना 'मधले दिवस' म्हणायचो. मला ते सगळ्यांत आवडत, कारण त्यांचे नियम मजेचे होते. कपडे धुवायचे नाहीत, पण तान्ह्या बाळाचे चालतील. नवं लोणचं घालायचं नाही, पण भाजी सुकून चालली असेल तर खुशाल चिरा. दाढी करायची नाही. बाबा खुंट वाढवून डेपोत जात, कारण न गेले तर नोकरी जाईल. तिथे रेंजरसाहेब विचारत, "सुतक आहे का?" बाबा म्हणत, "छे, सण आहे!" पत्र लिहायची वेळ आली तर बाबा पहिली ओळ तिरपी लिहीत आणि मग खालच्या सरळ. आज रोजचा दिवस नाही, हे हाताला कळावं म्हणून. काकाचंही उत्तर तिरप्या ओळीचंच यायचं.

हे सारं माझ्या आईच्या वडिलांकडून तोंडी आलेलं. आईने त्याचं एका ओळीत गाठोडं बांधलं होतं: "नासेल ते करावं, राहील ते ठेवावं." ही ओळ ती सणाबाहेरही वापरी. मी अभ्यास टाकून खेळायला पळाले, की मागून आवाज येई, "खेळ नासत नाही गं, राहतो!" मला त्या ओळीचा भारी संताप यायचा. आता मीच ती नातवंडांना ऐकवते आणि तीही तशीच तोंडं करतात.

मधल्या दिवसांत आईचं शिलाई मशीन फुलाफुलाच्या फडक्याखाली झाकलेलं असे. त्या दिवसांत घरात तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास यायचा बंद होई आणि नारळाच्या दुधाचा, वेलदोड्याचा, नव्या पोह्यांच्या मलिद्याचा वास येई. गूळ इथला आणि नारळ पार्सलातला, महाळुंगासोबत आलेला. तो फुटला की पाणी कुणी प्यायचं यावरून माझी आणि धाकट्या भावाची जुंपायची. आई नुसती बसलेली दिसे ती त्याच दिवसांत. पण तिची बोटं बसत नसत. पदराचं टोक घेऊन ती उगीच घडी घाली, दाबी, सरळ करी.

आईचा टाका गावात प्रसिद्ध होता. मशीनवर सोडाच, हातानेही ती असा धावदोरा घाली की दोऱ्याने आखल्यासारखा. तिला त्याचा गर्व होता, आणि मी म्हणते, असावा. मला मात्र शिवण जन्मात आलं नाही. माझा टाका बैलाच्या मुतासारखा, असं आईच म्हणायची. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी दर वेळी सुईला दोष द्यायची.

आता सगुणा. ती नामदेवभाऊची मुलगी, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आमच्याकडे मासे तीच आणायची आणि आमच्यात काय चालतं ते तिला पाठ होतं. खवल्यांचा मासा चालतो, बिनखवल्यांचा नाही. परातीत रोहू टाकून म्हणायची, "मांगूर बी गावला होता बाई, पन तो तुमाले चालत नाई मनून आमीच खाल्ला." तिच्या हातांना तलावाचा वास असे, शेवाळाचा आणि ओल्या जाळ्याचा. तलावातून भिजून येऊन बाहेर केस पुसत बसली की मला शिंगाडे सोलून द्यायची. मला ती फार आवडायची. मला मोठी बहीण नव्हती आणि ती असती तर सगुणासारखी असावी, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

सगुणा सातवी पास झालेली. ढिवरपुऱ्यातली पहिलीच मुलगी. शाळेतल्या बाईंनी तिचा अर्ज नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवला आणि तिची निवड झाली. नामदेवभाऊ मात्र 'नाही' म्हणून बसले. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. नुसते जाळं विणत बसत आणि कुणी विषय काढला की म्हणत, "पाहू." सगुणा आमच्या पायरीवर येऊन रडायची आणि आई तिला पोहे द्यायची. तिची सोयरीकही एका घरी बोलून ठेवली होती. नागपूर हुकलं, तर दिवाळीनंतर लग्न.

तो मधला दिवस मला आजच्यासारखा दिसतो. आम्ही मांडवात जेवत होतो. डहाळ्यांतून ऊन पानावर पडलं होतं आणि बाबा भावाला सांगत होते, की उन्हाचा ठिपका भाताबरोबर खाता येत नाही. एवढ्यात सगुणा धावत आली. हातात मांजरपाटाचा गठ्ठा, मागून तिची माय, दोघींना धाप लागलेली.

"बाई, बा हो मनला जी!" सगुणा म्हणाली.

आई उठून उभीच राहिली. "कधी जायचं?"

"उद्या सकायच्या गाडीनं. परवा हजर नाई झाली तं जागा दुसरीले देऊन टाकतेत." मग तिचा आवाज पडला. "पन पांढरा झंपर पायजे बाई. त्याहीनं लिवलं हाये. पांढरा नसन तं वापस धाडतेत."

गावच्या शिंप्यापुढे दिवाळीच्या कपड्यांचा ढीग होता. त्याने 'दिवाळी झाल्यावर ये' म्हणून वाटेला लावलं होतं. पांढरं उसनं मागायचं तर ते विधवांकडूनच मिळालं असतं, आणि पोरीला परगावी धाडताना सगुणाच्या मायेला ते चालणार नव्हतं. त्या दोघी आईकडे बघत होत्या. आईने घरात, फुलाफुलाच्या फडक्याकडे बघितलं. मग बाबांकडे.

बाबांनी घास खाली ठेवला. "शिवणं हा तुझा धंदा आहे. धंद्याचं काम मधल्या दिवसांत नाही."

"नासेल ते करावं की नाही?" आई म्हणाली.

"इथे काय नासतंय? कापड?"

"पोरगी नासतेय," आई म्हणाली. "उद्याची गाडी गेली की नामदेवभाऊंचा 'हो' राहील का? तुम्हीच सांगा."

सगुणाची माय घाबरली. तिला वाटलं, नवराबायकोत आपल्यापायी भांडण लागलं. "राहू द्या जी, बाबू," ती म्हणाली. "तुमच्या देवाच्या लगनात आमी इघ्न नाई आनत."

त्यावर बाबांना हसू आलं आणि हसता हसता त्यांना काहीतरी आठवलं. आईला म्हणाले, "तुझेच वडील सांगायचे ना गं? अडलंच, तर ज्याचा हात बसलेला आहे त्याने वाकडं शिवावं. ज्याला शिवता येत नाही त्याने येईल तसं शिवावं."

"वाकडं?" आई म्हणाली. "मी?"

"म्हणजे मशीन नाही. हाताने, आणि टाका लहानमोठा, वेडावाकडा. पैसे घ्यायचे नाहीत. तसं शिव."

आईचा चेहरा असा झाला, की जणू तिला चोरी करायला सांगितली. हातचं काम नाकारणं तिला जमलं असतं. सगुणासाठी नियम मोडायलाही ती एखादे वेळी तयार झाली असती. पण वाकडा टाका घालून, तो झंपर सगुणाच्या अंगावर नागपूरला पाठवायचा? चार शिकलेल्या बायका बघणार, कुणी शिवला विचारणार! मग तिने हात धुतले, सुईत दोरा ओवला आणि मांडवातच बसली.

तिने खरोखर प्रयत्न केला. एक टाका लांब घातला, एक आखूड, एक लांब, एक आखूड. बाबांनी जवळ येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, हे वाकडं नाही, ही नक्षी झाली!" खरंच झाली होती. वाकडेपणालाही शिस्त आलेली. तिने उसवलं. डोळे मिटून घालून पाहिलं, तर हात आपला सरळच जाई. सगुणा आणि तिची माय जमिनीवर बसून हे बघत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार? गावातली सगळ्यांत सरळ शिवणारी बाई वाकडं शिवता येत नाही म्हणून घामाघूम झालेली!

शेवटी आईची नजर माझ्याकडे वळली.

"तू ये इकडे. एका बाहीचा मुंढा तू शिव."

मला वाटलं, चेष्टा आहे. पण आईने दुसऱ्या सुईत दोरा ओवून ती माझ्या हातात दिली. ज्याला शिवता येत नाही त्याने येईल तसं शिवावं. जन्मात पहिल्यांदा माझं न येणं घरात उपयोगी पडत होतं. मी जीव ओतून शिवले. जितकं सरळ जाईल तितकं सरळ घालत होते आणि ते जितकं वाकडं जायचं तितकं जातच होतं. आई शेजारी बसून दुसरी बाही जोडत होती. मध्येच माझ्या टाक्याकडे बघून ती आपला टाका त्याच्यासारखा घाली. म्हणजे आई माझ्याकडून शिकत होती! हे मी पुढे आयुष्यभर तिला ऐकवलं. सगुणा काजं करायला बसली, तिची माय पंख्याने वारा घालत राहिली, भाऊ खाली सांडलेले दोरे गोळा करत होता. जांभळीची पानं सुकत चालली होती आणि त्यांचा तुरट वास कोऱ्या मांजरपाटाच्या खळीत मिसळला होता. दिवे लागले तेव्हा झंपर झाला.

सगुणाने तो अंगाला लावून पाहिला. आईने तोंड फिरवलं. "सण झाल्यावर आण," ती म्हणाली. "दिवाळीला येशील ना? तेव्हा आण. मशीनवर सरळ करून देते. हा असा नाही ठेवायचा हं."

"आनीन बाई," सगुणा म्हणाली.

सकाळी छोट्या गाडीच्या धुरात ती निघाली. पांढरा झंपर, बाजारातून आणलेलं कोरं पांढरं लुगडं, हातात पत्र्याची पेटी. आई स्टेशनावर आली, पण खांबाआड उभी राहिली, कारण उजेडात टाके फारच दिसत होते. सगुणाची माय रडत होती. मी मोहाच्या झाडाला धरून उभी होते. नामदेवभाऊ आले नाहीत. पण गाडी तलावाच्या पाळीजवळून जाते. नंतर कळलं, तिथे ते खांद्यावर जाळं टाकून उभे होते आणि डबा दिसेनासा होईपर्यंत हात वर धरून होते.

दिवाळीला सगुणा आली. झंपर आणला नाही. "पुढल्या खेपेले आनीन," म्हणाली. पुढल्या खेपेलाही नाही. दरम्यान गावात वेगळीच हवा पसरली. ढिवराची पोट्टी नागपूरला टिकली, तिला पगार मिळणार, हे कशानं? तर मांडववाल्या बाईने देवाच्या लग्नात वाकडा टाका घालून दिला म्हणून! बायका तान्ह्या लेकरांची झबली घेऊन येऊ लागल्या. "बाई, एखांदा वाकडा टाका घाला जी. लेकराले गुन येते." आई चिडून लाल होई. "मी सणाबाहेर वाकडं शिवत नाही!" म्हणायची. त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली. पुढल्या वर्षी मधल्या दिवसांत दारात रांग लागली आणि बाबांनी त्या सगळ्यांना मलिदा देऊन परत पाठवलं.

मग बाबांची बदली झाली. मांडवाचे बांबू नामदेवभाऊने मागून घेतले, वाडग्याच्या कुंपणाला लावले असतील. आम्ही आधी नागपूरला, मग मुंबईला गेलो. काका इस्राएलला गेला, तिकडून तिरप्या ओळीची पत्रं येत राहिली आणि एक दिवस थांबली. भाऊही तिकडेच गेला. मुंबईच्या चाळीत मांडव घालायला अंगण नव्हतं. सिनेगॉगच्या आवारात एक सगळ्यांचा मांडव असे, तिथे उभ्याउभ्या घास खाऊन आम्ही घरी यायचो. नंतर तेही राहिलं. कॅलेंडरवर सण बघायचा, तो कधी दिसे, कधी निसटे.

आई म्हातारपणी बरंच विसरली. माझं नावही मध्येमध्ये विसरायची. पण कपडे वाळत घालताना कुणाचा पांढरा ब्लाउज दिसला की म्हणायची, "सगुणाचा झंपर तसाच राहिला गं." मी म्हणायची, "तो कधीच फाटला असेल." ती मान हलवायची. आपल्या हातचं एक वाकडं काम जगात कुठेतरी फिरतं आहे, हे तिला शेवटपर्यंत खुपत होतं. ती गेली तेव्हा मला वाटलं, जाऊन तेवढं तरी करून यावं. पण संसार, नोकरी, नातवंडं. वाटणं वाटण्यापुरतंच राहिलं. यंदा नागपूरला यजमानांच्या भाचीकडे आले आणि म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

ढिवरपुऱ्यात 'नर्सबाई' म्हटल्यावर तीन पोरं पुढे धावली. सगुणा ओसरीवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. केस पिंजलेल्या कापसासारखे, चष्मा जाड. मी नाव सांगितलं नाही, म्हटलं, "मांडववाल्या बाईंची मुलगी."

तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. "तू? काय बाप्पा! काऊन इतक्या उशिरा आली?"

मग रडणं झालं, चहा झाला. तिने एटापल्लीकडच्या जंगलातल्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या, नामदेवभाऊंच्या अखेरच्या दिवसांच्या सांगितल्या. आई गेली हे ऐकून ती उठली. मग आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला. आणि तिने माझ्या मांडीवर तो झंपर ठेवला.

पिवळा पडलेला, काखेत विरलेला, पण अख्खा. मी चष्मा पुसून पाहिलं. एका बाहीला लहानमोठा, कुठेही जाणारा टाका. हा माझा, ओळखीचा. दुसऱ्या बाहीला तसाच घालायचा प्रयत्न केलेला, पण नीट पाहिलं तर लांब, आखूड, लांब, आखूड. शिस्त काही गेली नव्हती. मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. आईचा हात मी किती वर्षांनी पाहत होते.

"नागपूरले सगळ्या पोरी हासल्या," सगुणा म्हणाली. "मी सांगतलं, आमच्या बाईनं सनात शिवून देल्ला. नोकरीतलं पह्यलं बाळंतपन याच झंपरात केलं मी."

"मग आणला का नाहीस सरळ करायला? आई मरेपर्यंत वाट बघत होती."

"आनला असता तं बाईनं सरळ करून देल्ला असता," ती म्हणाली. "मंग माह्यापाशी काय राह्यलं असतं?"

पण मी ज्या कामाला आले होते ते आलेच होते. शिवणाऱ्या बाईची मुलगी मी, पर्समध्ये सुईदोरा असतोच. शिवण आलं नाही, पण म्हातारपणी एक सरळ धावदोरा तेवढा जमू लागला आहे. मी दोरा ओवला. "दे," म्हटलं. "एकच बाही सरळ करते. आता माझाही हात बसलाय. आईचं राहिलेलं काम. तेवढं करू दे मला."

सगुणाने झंपरावर हात ठेवला.

"नाई," ती म्हणाली. "आज नाई जमत."

"काऊन?" माझ्या तोंडून आपसूक तिचीच बोली आली.

"परवा कोजागिरी झाली ना. तुमचे मधले दिवस चालून राह्यले." ती माझ्याकडे, शाळेतल्या ढ मुलीकडे बघावं तशी बघत होती. "सरळ टाका नाई घालता येत तुले. आता तं तुहा हात बी बसला मनते."

या वर्षी मी कॅलेंडर पाहिलंच नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, आणि या ढिवराच्या मुलीने, जिला कुणी सांगणारं नव्हतं, दर वर्षी आमची पुनव धरून ठेवली होती. ओसरीबाहेर अंगणात चार बांबू उभे होते, वर कसल्यातरी वेलाची विरळ पानं. दोडका असेल. त्यातून आभाळ दिसत होतं.

"मग हे काम?" मी विचारलं.

"नासते काय ते? राहते." तिने झंपराची घडी घातली. "सन सरू दे. तवरिक राह्य इथीच. भात टाकतो."

ती आत गेली. मी सुई पर्समध्ये ठेवली, नागपूरला भाचीला फोन लावला आणि सांगितलं, सण चालू आहे, तो संपल्यावर येते.